उकिरड्याच्या जागी खोकी

"आल्या माणसाला आधी पाणी इचार चंपे, मग काय पायजे ते इचार."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण दुकानाची फळी काढताना चंपाबाईच्या कानात हे रोज वाजायचं. कोनाड्यातल्या महादेवापुढं दिवा लावायचा, तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवायचा आणि मग तराजूला हात लावायचा, असा तिचा नेम होता.

या दुष्काळात मात्र सासूबाईंचा हुकूम अंगाशी आला. टँकर लहर आली की यायचा. विहिरींचे तळ भेगाळून टाचांसारखे झाले होते. साऱ्या गावात न मागता गार पाणी मिळायचं ते एका चंपाबाईच्या दुकानात. लोक यायचे, तांब्या उंच धरून गटागटा प्यायचे, सावलीला बूड टेकायचे, आणि तिथंच बसून मोबाइलवरून साबण मागवायचे.

"काय मागवलंस गं सरू?" चंपाबाईनं एकदा विचारलं. सरूबाईचं घर समोरच, मध्ये फक्त गल्ली.

"अंगाचा साबन."

"तोच तुझ्या डोक्याच्या मागं रचलाय की."

"व्हय, पन ह्यो नुसता हातात येतो," सरूबाई म्हणाली. "त्यो खोक्यात येतो."

खोकं! सगळं दुखणं तिथंच होतं.

या भागात सोयरिकीला आलेला पाहुणा आधी उकिरडा बघायचा. उकिरडा मोठा म्हणजे दावणीला जनावरं, जनावरं म्हणजे रानाला पाणी, आणि रानाला पाणी म्हणजे लेक सुखात. पण पावसानं लागोपाठ दगा दिला, जनावरं छावणीत गेली, उकिरडे वाळून वावटळीबरोबर उडाले. आता पाहुण्यानं बघायचं काय? गावातली पोरं शेंद्र्याला कारखान्यात लागली होती, ती काहीबाही मागवायची, पार्सलवाला ते मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर आणून टेकवायचा. एका घरापुढं अशी रिकामी खोकी साचली होती. जालन्याकडच्या पाहुण्यानं ती बघितली, "घर भरलेलं दिसतंय" म्हणून मान डोलावली आणि सुपारी फोडून मोकळा झाला.

झालं! गावानं उकिरड्याच्या जागी खोकी रचायला घेतली. सरपंच तात्यासाहेबांनी आपल्या राशीवर ताडपत्री टाकली. पाऊस नव्हता, पण रास तर होती. एकाच्या शेळीनं दुसऱ्याच्या राशीतलं खोकं खाल्लं, तर पंच बसले आणि शेळीवाल्यानं तसंच कोरं खोकं भरून द्यावं असा निवाडा झाला.

चंपाबाईच्या दुकानात मात्र गूळ पाघळत बसला.

एक दिवस तिचा दीर कारभारी आला. पाणी प्याला, मिशा पुसल्या.

"वहिनी, दुकान काय आता चालंना. पार्सलवाल्या कंपनीला गोदामाला जागा पायजे. ही खोली देऊन टाकू. सायब बघाया येणार हाय."

"आन् मी काय करू, भाऊजी?"

"तुम्ही देवाचं करा की. तुम्हाला तेच आवडतंय."

"देवाचं मी पहाटंच उरकते," चंपाबाई हळूच म्हणाली. "दिवसभर माणसांचं करते."

"सायब येईस्तोवर गिऱ्हाईक दिसलं तर ऱ्हाऊ द्या. नाय तर मी किल्ली देणार."

त्या सोमवारी चंपाबाईचा उपास सोडायला जीव होईना. नवरा गेल्यापासून ही खोलीच तिचं माणसांत असणं होती. तेवढ्यात शहरातल्या मोंढ्याच्या बाजारातून किराणा आणणारा टेंपोवाला कमरोद्दीन आला.

"भाभी, रडता कशाला? साखर तीच ठिवा. खोक्यात घाला, वरून चिकटपट्टी मारा. मोंढ्यात रिकामे खोके ढीगभर पडेल हैत."

"आन् कुठून आलं म्हनून सांगू? मी सोमवार धरलेत कमरूभाऊ, मला खोटं बोलता यायचं नाय."

"मंग?"

चंपाबाईनं देवाकडं बघितलं. "तुम्ही खोकं खरंच फाट्यावर न्या. तिथं टेकवा. आन् परत आना. म्हंजे फाट्यावरून आलं असं म्हनता येईल."

कमरोद्दीननं कपाळावर हात मारला. "या अल्ला! इथून साखर निकलनार, फाट्यापर्यंत हवा खानार, आन् सामनेवाल्या घरात उतरनार!"

"व्हय," चंपाबाई गंभीरपणे म्हणाली. "पन टेकवायला इसरू नका."

तिनं गावाला एवढंच सांगितलं, "ज्याला खोक्यातलं पायजे त्यानं मला सांगा, फाट्यावरून येईल." गाव काही आंधळं नव्हतं. मागच्या दारानं खोकं टेंपोत चढताना सगळे बघायचे आणि तोंड फिरवायचे. तेच खोकं हॉर्न वाजवत पुढून आलं की पुन्हा नव्यानं हरखायचे.

तक्रारी मात्र लगेच सुरू झाल्या.

"सकाळी सांगितलं आन् दुपारी हजर? असं कुठं मागवलेलं असतंय व्हय? जरा वाट बघाया लावा की!"

मग कमरोद्दीनला फाट्यावरच्या लिंबाखाली झोप काढून यावं लागायचं. सरूबाईनं तर चंपाबाईच्या उंबऱ्यापुढं रांगोळीनं तारे काढले. तीन पुरे आणि एक अर्धा.

"हा अर्धा कामून गं?"

"खोकं कोपऱ्यात चेपलं हुतं."

"आन् आतली साखर?"

"साखरंचं काय, ती गोडच हाय. खोक्याकडं ध्यान दे जरा."

चंपाबाईनं खोक्याकडं ध्यान दिलं. हळूहळू मोबाइल खिशात राहू लागले, दुकानाची फळी भरू लागली. फळीवरून हातात माल मात्र कुणी नेईना. मिठाची पुडीसुद्धा फाट्यावर जाऊन यायची.

आणि एक दिवस कंपनीचा साहेब आला. मिहिर नावाचा कोवळा पोरगा, पायात पांढरे बूट. कारभाऱ्यानं त्याला अख्ख्या गावातून फिरवून दुकानापुढं आणलं. साहेबाचं लक्ष खोलीकडं नव्हतं.

"दारोदार ही खोकी कुणाची? आमची तर नाहीत. आमच्या खोक्यांवर नाव असतं."

खोक्यांचा विषय निघाला आणि कारभाऱ्याची छाती फुगली. गावातली सगळ्यात उंच रास त्याचीच होती.

"ही आमच्या फाट्यावरच्या मालाची. तुमच्यावानी नाय, सायब! आमच्या मंडळीला ताप आला तर खोक्यात साबुदाना आला, आन् वर इचारपूस केली, ताप उतरला का म्हनून. तेल आवडलं नाय तर परत घेत्यात, आन् परत द्यायला गेलेल्याला च्या पाजत्यात. तुमची कंपनी पाजती का च्या?"

"नाही," साहेब म्हणाला. "कोण चालवतं हे?"

चंपाबाईनं आधी त्याला पाणी दिलं. "मीच चालवते, साहेब. माल हितंच असतो. फाट्यावर जाऊन येतो."

साहेब खळखळून हसला. "बाई, धंद्याचं गुपित सांगायचं नसेल तर नका सांगू." मग कारभाऱ्याकडं वळून म्हणाला, "तुमच्या गावात कुणीतरी मोठी कंपनी आधीच पाय रोवून बसलीय. आमचा टिकाव लागायचा नाही इथं. राहू द्या ती खोली."

गाडी धुरळा उडवत गेली. कारभाऱ्यानं अंगावरचा धुरळा झटकला. मग खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, आमचं तेल तेवढं पाठवा. आमची रास जरा खचलीय."

दुकान राहिलं. त्याच आठवड्यात सरूबाई सकाळीच आली. तांब्याला हात न लावता फळीला टेकून उभी राहिली.

"आज दुपारी पाहुने हैत गं. दोन ठिकानं मोडली. पोरगी तोंड लपवून बसलीय. पाहुने बसलेले असताना, त्यांच्या डोळ्यादेखत, साखरंचं खोकं यायला पायजे."

"येईल."

"फाट्यावरून?"

"फाट्यावरून," चंपाबाई म्हणाली आणि तिच्या हातावर हात ठेवला.

सरूबाई डोळे पुसत गेली. थोड्या वेळानं कमरोद्दीनच्या बायकोचा, मुनिराचा फोन आला. खुलताबादला भाचीच्या मंगनीला गेलेल्या कमरोद्दीनचा टेंपो तिथंच बंद पडला होता. आज काही तो यायचा नाही.

चंपाबाईनं समोर बघितलं. गल्लीपलीकडं सरूबाईचा उंबरा, चार पावलांवर. अंगणात सडा टाकायला पाणी नव्हतं, म्हणून पोरगी नुसतीच झाडत होती. कोनाड्यात दिवा शांत जळत होता.

तिनं साखर भरली, वरून मूठभर जास्त घातली, चिकटपट्टी मारली. कोपरे बोटांनी चाचपून सरळ केले. चुंबळ डोक्यावर ठेवून खोकं उचललं आणि मागच्या दारानं बाहेर पडली. ऊन मी म्हणत होतं. तापलेला फुफाटा चपलांतून पायाला चटके देत होता.

पांदीच्या तोंडाशी कारभारी भेटला.

"वहिनी, अशा उन्हात खोकं घेऊन कुनीकडं?"

"इथंच, सरूच्या घरी," चंपाबाई म्हणाली, आणि सरूच्या घराकडं पाठ करून फाट्याच्या वाटेला लागली.