गुरुजींना त्रास नको

मशिदीच्या इमामांच्या खालोखाल आमच्या गावात मान कोणाला, तर एंदांग गुरुजींना. बांडुंगला शिकून आलेला माणूस, विज्ञान शिकवायचा. आणि या मानानंच त्यांचा घात केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्वी त्यांच्या दारापुढच्या झऱ्यावर बायांची झुंबड असायची. वरच्या वस्तीला पाणी नव्हतं. धुणी, आंघोळी, भांडणं, सोयरिकी, सगळं तिथंच. आणि शेजारी माझी केळ्याच्या भज्यांची टपरी. गुरुजी खिडकीतून ओरडायचे, "अगं, हळू बोला! पेपर तपासतोय!"

"मग या तुम्हीच धुवायला!" उत्तर यायचं. त्यांच्या बायकोला हसू आवरायचं नाही.

मग गुरुजींनी पंप केला. वीज नाही, तेल नाही. झऱ्याच्याच धारेचा धक्का घेऊन पाणी डोंगरावर चढवणारा. दिवसभर आपलं ठक ठक, ठक ठक. शाळेतल्या प्रत्येक पोरापोरीकडून त्यांनी तो खोलून जोडून घेतला. आता घरोघरी नळ आहेत. झरा ओस पडला, माझी भजी गार व्हायला लागली, आणि बायको गेल्यापासून गुरुजींच्या दाराची कडी वाजत नाही. कोणाला म्हटलं, "जा की रे भेटायला," तर जीभ चावतात. "नको ओनाह मावशी. काहीतरी नवीन शोधत असतील. गुरुजींना त्रास नको."

परवा सकाळी गुरुजी झऱ्यावर आले, इकडेतिकडे बघितलं आणि पंपाच्या झडपेत एक गोटा सरकवला. ठक ठक थांबलं. मी टपरीतून बघतेय हे त्यांना दिसलं.

"आता येतील बोलवायला," ते म्हणाले. "बिघाड समजावून सांगायला तास तरी जाईल."

घरी जाऊन त्यांनी चटई झटकली, रताळी उकडली, पेले मांडले, धुतलेला सदरा घातला. मला त्यांचा राग आला आणि कीवही.

वरून इमास आली, त्यांचीच विद्यार्थिनी, कडेवर पोर घेऊन. पंपाला कान लावला, झडपेत बोट घातलं, गोटा काढला. तळहातानं झडप दोन-चारदा दाबली आणि पंप चालू.

"अगं, गुरुजींना हाक मार की!"

"एवढ्याशासाठी? आधी ऐका, मग हात लावा, हे त्यांनीच शिकवलंय मावशी. हा कार्ट्यांचा उद्योग. बघतेच एकेकाला."

"कार्टी कसली, अगं, खुद्द..." मी बोलणार, तोच खिडकीत गुरुजी दिसले. नको नको म्हणून मान हलवत होते. मी कढईतली भजी उलटायला लागले.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्यांनी मिळून पंपाला लोखंडी पिंजरा बसवला. कुलूप घातलं, किल्ली इमासकडे. गुरुजींना आवाज नको म्हणून चपला काढून आले, बोललेसुद्धा कुजबुजत.

ते गेल्यावर गुरुजी बाहेर आले. पिंजरा हलवून बघितला. हलला नाही.

"जोड बघ, ओनाह. माझ्या हातून असा झाला नसता."

"आग लागो तुमच्या शिकवण्याला," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

ते हसले. "कालचे पेले उचलायचे राहिलेत," म्हणाले आणि आत गेले.

पंप चालू होता, ठक ठक, ठक ठक. बिघडायचं नाव घेत नव्हता.