चौदा तासांची रेघ

ताईने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून तिने आधी धाकट्या भावाची बॅग पाहिली, मग त्याचा चेहरा.

"काल झालं सगळं," ती म्हणाली. "आता कशाला आलास?"

त्याने दाराला खांदा लावला तेव्हा कुठे तिने साखळी काढली, तीही शेजाऱ्यांसमोर तमाशा नको म्हणून. आत वडिलांची खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. त्याने बॅग खाली आदळली. निघतोय म्हणून कळवलं होतं ना, तो म्हणाला. बाबा शवागारात आणखी एक रात्र राहिले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? सख्ख्या मुलाला तोंडसुद्धा बघू द्यायचं नाही, असं काय वैर होतं?

ताईने मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ सांगणारं एक पान होतं. निळ्या समुद्रावरून गेलेली एक रेघ, आणि खाली चौदा तास. तेवढे थांबले, ती म्हणाली, वर आणखी चार थांबले. तुझा फोन बंद. सहा वर्षं एकटीने बापाच्या खस्ता काढल्यावर मी अजून किती थांबायचं होतं, तेवढं सांग.

नकाशे काढणाऱ्या कचेरीत तिची हयात गेली होती. दोन ठिपके दिसले की त्यांच्यामध्ये रेघ ओढायची, हे तिच्या हातात बसलं होतं. त्या रेघेवरून कुणी जातं की नाही, हे तिला कधी विचारावं लागलं नव्हतं.

तो हसला. मुद्दाम, तिला झोंबेल असं.

"या रेघेवरून एकही विमान उडत नाही, ताई. मध्ये दोनदा उतरावं लागतं. एका ठिकाणी रात्रभर बाकावर बसून होतो. दीड दिवस लागतो यायला."

ताई मोबाईलच्या पडद्याकडे बघत राहिली. पण हार मानेल तर ती ताई कसली.

"बरं, दीड दिवस. सहा वर्षांत तेवढाही नाही सापडला तुला?"

त्याने आवाज चढवून दुसरंच उकरून काढलं. तू त्यांना माझ्याशी बोलू तरी कुठे देत होतीस? गेलं वर्षभर फोन केला की बाबा झोपलेत, बाबा झोपलेत. मला काय कळत नव्हतं?

"मी त्यांच्या कानाला फोन लावायचे. तेच डोळे मिटून घ्यायचे."

"खोटं बोलतेस."

ताई खाली बसली. भांडताना ती कधी अशी मागे सरत नसे, त्यामुळे तो घाबरला.

"का पण?" त्याने विचारलं.

तिने मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला.

"आल्यागेल्याला बाबा सांगायचे, लांब पडतं हो त्याला, नाहीतर कधीच आला असता. रोज तेच. गेल्या वर्षी एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी त्यांना हे चौदा तासांचं पान दाखवलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. त्यानंतर लांब पडतं म्हणून कुणाला म्हणाले नाहीत."