आपल्या माणसाचा घाव

नवऱ्याची कुऱ्हाड तिच्या मानेतून आरपार गेली आणि तिला काही म्हणता काही झालं नाही. समोरच्या राक्षसाचा मात्र खांदा निखळला, काळं रक्त पडदाभर उडालं, आणि तेवढ्यात तिनं नवऱ्याच्या अंगावर औषधाचा हिरवा उजेड सोडला. त्याच्या दुसऱ्या घावाला राक्षसाचं डोकं घरंगळत गेलं.

"शाब्बास, वैद्य!" कानात काकूंचा आवाज आला. "पण तुझा नवरा डोळे मिटून लाकडं फोडतो की काय गं?"

"राक्षस मेला ना, काकू? मग झालं तर," शेजारच्या खुर्चीतून नवरा ओरडला.

चौघांची ही टोळी कित्येक वर्षं हा ऑनलाइन खेळ एकत्र खेळत होती, पण हे नवरा-बायको सोडले तर कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. काकू निवृत्त नर्स. त्या बाण मारायच्या, आणि त्यांची जीभ बाणाहून तिखट होती. ढाल घेऊन पुढे उभा राहणारा खऱ्या जगात गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून त्याचं नाव क्लच. नवऱ्याचं दारं-जाळ्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची आणि खेळात वैद्य व्हायची. वैद्याचं औषध हाताच्या अंतरावरच पोचायचं, त्यामुळे ती कायम नवऱ्याला खेटून उभी असायची. त्याचा प्रत्येक घाव तिच्या अंगातून जायचा आणि पुढच्याचा मुडदा पाडायचा.

खरं सांगायचं तर तिचा जीव या खेळात अडकला होता तो एवढ्याचसाठी. बाकी सगळ्या जगात नवऱ्याचा हात उठला की तिला लागायचं. पाण्याची बाटली भरायची राहिली म्हणून त्यानं तिची दोन बोटं उलटी पिरगाळली होती. दुकानात तिनं सांगितलं, घासायच्या चाकात सापडली. टोळीला नवऱ्यानं सांगितलं, बायकोला जरा बरं नाही. इथे मात्र तो वाटेल तसा सुटला, कितीही पिसाळला, तरी ती त्याच्या शेजारी ताठ उभी राहू शकायची. अशी जागा तिला दुसरी कुठे मिळाली नव्हती.

आणि आता ती जागाच बंद होणार होती. नवा खेळ येत होता, मोठा, झकपक. जुना त्याच दिवशी कुलूपबंद. नव्याचे नियम जाहीर झाले तेव्हा नवऱ्यानं टेबलावर थाप मारली.

"बघ काय केलंय! आपल्याच माणसाचा घाव आता आपल्यालाही लागणार. आता येईल मजा!"

त्या दिवशी दुकानात काच घासता घासता तिचं लक्षच लागेना. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची काच तिनं कड सोडून पार आत घासली आणि मालकाची बोलणी खाल्ली. जेवणाच्या सुट्टीत तिनं खेळाच्या चर्चेच्या पानावर विचारलं, 'आपल्या माणसाचा घाव वैद्याला तरी लागू नये, असं करता येणार नाही का?'

लोकांनी तिची यथेच्छ टर उडवली. लांब उभी राहा की ताई, एकानं लिहिलं. लांबून औषध पोचत नाही, तिनं उत्तर दिलं. मग घाव घालणाऱ्याला बघून मारायला सांग, दुसरा म्हणाला, आणि त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. तिनं फोन उपडा ठेवला. बघून मारायला सांग म्हणे! काय पण अक्कल!

"मी नाही खेळत नवा," संध्याकाळी ती म्हणाली. भांडी घासत, पाठमोरीच.

"का?"

"कंटाळा आलाय."

"वैद्याशिवाय आम्ही काय मरायला जायचं?" त्यानं एवढंच म्हटलं. पण तो खुर्चीतून उठल्याचा आवाज आला, तशी ती म्हणाली, "बरं बाबा, येते."

रविवारी दुपारी चाचणीसाठी खेळ खुला झाला. सुरुवातीला नियमांची पानंच्या पानं येत होती. नवऱ्यानं ती न वाचताच भराभरा पुढे ढकलली. तिनं मात्र शब्दन् शब्द वाचला. बोलायला आता कळ दाबायची नव्हती. जवळ असेल त्याला सगळं आपोआप ऐकू जाणार होतं, अगदी तुम्ही मरून पडलात तरी. हे नवऱ्याला सांगावं असं तिला वाटलं, पण तोवर तो दरीत उतरलाही होता.

पहिल्याच झटापटीत कुऱ्हाड तिच्या बरगड्यांत घुसली. पडदा लाल झाला, तिची वैद्य किंचाळून गुडघ्यांवर आली. नवरा खो खो हसला.

"अगं सरक ना! आंधळी आहेस का?"

"जरा बघून," ती म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

मग गुहेतून तो महाकाय प्राणी बाहेर आला. क्लचची ढाल पहिल्या तडाख्यात चेपली, काकूंचे बाण त्याच्या कातडीवरून निसटू लागले. नवऱ्याचं रक्त वाहत होतं. तो ओरडला, "औषध!" ती पुढे झाली. हात उचलून तिनं हिरवा उजेड सोडला, तोच त्याची कुऱ्हाड गर्रकन फिरली आणि तिची मान धडावेगळी झाली. पुढच्या श्वासाला प्राण्यानं त्यालाही उचलून दगडावर आपटलं.

त्यानं हेडफोन काढून फेकला.

"तुझ्यामुळे! तुझ्यामुळे मेलो मी!"

"अहो, तुम्हीच मला..."

पहिली थप्पड तिच्या कानशिलात बसली. तिचा हेडफोन उडून टेबलावर पडला. दुसरी नाकावर. मग त्यानं केस धरून तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आदळलं. एकदा, आणि मग पुन्हा. ती ओरडली. एरवी ती शेजाऱ्यांच्या लाजेनं ओठ चावून गप्प राहायची. आज मात्र ती ओरडली, आणि पडद्यावर तिच्या मेलेल्या वैद्याच्या नावाशेजारी लागलेला, आवाज जात असल्याचा पिवळा दिवा तिला स्पष्ट दिसत होता. माइक बंद करायची कळ हाताशीच होती. तिनं ती दाबली नाही.

तो धापा टाकत स्वयंपाकघरात गेला. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला.

तिनं हेडफोन उचलला. पडद्यावर लढाई अशी उरलीच नव्हती. क्लचनं ढाल खाली टाकली होती. प्राणी त्याला तडाखे मारत होता, आणि तो नुसता उभा होता. काकूंचं धनुष्यही हलत नव्हतं.

"पोरी," काकूंचा आवाज आला. त्या आवाजात आज एकही टोमणा नव्हता. "नाकातून रक्त येतंय का?"

"येतंय."

"चक्कर?"

"थोडी."

"नाक चिमटीत धर, मान पुढे झुकव. खोलीच्या दाराला आतून कडी आहे?"

"आहे."

"आधी ती लाव."

ती भिंतीला धरून उठली. कडी कित्येक दिवसांत कोणी लावलेली नव्हती, ती जागेवर बसेना. तिनं दोन्ही हातांनी रेटली तेव्हा कुठे बसली. ती परत येऊन खुर्चीत बसली.

"लावली."

"आता पत्ता सांग. आम्ही कुठे आहोत ते राहू दे, पोलिसांना फोन करायला कुठूनही येतो."

"मी लिहून घेतोय, ताई," क्लच म्हणाला. "घर नंबरापासून सांगा."

बाहेरून दारावर थाप पडली. "ए! कडी कशाला लावलीस? उघड!" नवरा ओरडला. दुसऱ्या थापेला दार चौकटीत हललं.

तिनं घराचा नंबर सांगितला. मग मजला, रस्ता, चौकातलं दुकान.

"ठोकण्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, ताई," क्लच म्हणाला. "पुन्हा सांगाल?"

तिनं पत्ता पुन्हा सांगितला, या वेळी मोठ्यानं.