पाण्यावरचा कोरम

माझी बायको सिनेटर आहे हे मी कुणाला सांगत नाही. सांगावं लागतच नाही. मी कुठेही गेलो तरी तिचा आवाज माझ्याआधी पोचलेला असतो.

आमच्या बेटांवर मोठ्यानं बोलणं म्हणजे असभ्यपणा. जुन्या सभाघरात गावचे सरदार भिंतीला टेकून बसायचे आणि कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही. मनातलं निरोप्याच्या कानात सांगायचं, निरोप्या वाकून, जवळजवळ रांगत, ते दुसऱ्याच्या कानापर्यंत न्यायचा. असं करता करता उन्हं कलायची, निर्णय झालेला असायचा, आणि तो मुळात कुणाचा हे कुणालाच सांगता यायचं नाही. त्यामुळे भांडणंही नसायची. बायका आत नसत. सरदार कुणाला करायचं आणि कुणाला काढायचं हे त्या बाहेर बसून ठरवत, त्यामुळे त्यांना आत जायची गरजही नव्हती.

मग सिनेट आली. सिनेटबरोबर माइक आले. आणि माइकच्या मागोमाग माझी बायको, केरुंगिल.

ती निवडून आली एका मयताच्या जेवणात. एक मंत्री सांत्वनाला आले होते. सांत्वन करता करता त्यांनी गावाला रस्ता देऊन टाकला. चुलीपाशी केरुंगिल वटवाघळाचं सूप ढवळत होती. तिथूनच तिनं विचारलं, "साहेब, हा रस्ता गेल्या मयताचा, की त्याच्या आधीच्या मयताचा?" मेलेल्याची बायको हसली, मग सगळे हसले. मंत्र्यांनी सूप अर्धवट सोडलं. पुढच्या निवडणुकीत लोकांनी तिला राजधानीत पाठवलं. गावात शांतता हवी होती म्हणून पाठवलं असंही काही जण म्हणतात.

सिनेटमध्ये पहिल्याच दिवशी ती पोतंभर जिवंत खेकडे घेऊन गेली. खाडी उपसल्यापासून खेकडे किती लहान झालेत हे तिला दाखवायचं होतं. पोत्याची गाठ मी मारली होती. ती सुटली. अर्थमंत्र्यांनी त्या वर्षीचं बजेट खुर्चीवर उभं राहून वाचलं आणि ते एकही प्रश्न न येता मंजूर झालं. नंतर एका परदेशी राजदूतानं आम्हाला पूल भेट दिला. फीत कापायच्या वेळी ही म्हणाली, "पलीकडे कुणीच राहत नाही. पूल कुणासाठी?" दुभाषाला खोकल्याची उबळ आली ती राजदूत विमानात बसेपर्यंत थांबली नाही. आता त्या पुलावर लोक मासे वाळवतात. वारा छान लागतो.

तिच्या सहकाऱ्यांनी यावर एक उपाय शोधला. ती बोलायला उभी राहिली की एकेक जण सुपारी खायला बाहेर जायचा. दाराबाहेर पान, चुना आणि गप्पा, आत केरुंगिल आणि रिकाम्या खुर्च्या. तेरा जणांत निदान सात हजर नसले की कोरम नाही, कोरम नाही तर सभा नाही. अशी तिची कितीतरी विधेयकं त्या अंगणात लाल पिचकाऱ्यांखाली गेली.

ती घरी येऊन म्हणायची, "तेलेई, मी अजून मोठ्यानं बोलायला हवं."

मी म्हणायचो, "हो."

दुसरं काही म्हणून पाहिलं होतं, जमलं नाही.

मग हॉटेलवाले आले. आमच्या गावामागे अळूची खाचरं आहेत. केरुंगिलच्या आईची, मावश्यांची, अर्ध्या बेटाच्या आयांची. बायका कमरेएवढ्या चिखलात उभ्या राहून तिथे अळकुड्या लावतात, आणि आमच्याकडे बाई कुणाची कोण हे तिच्या खाचरावरून कळतं. हॉटेलवाल्यांना ती सपाट जागा आवडली. चिखल बुजवून त्यावर ते गवत लावणार होते, चेंडू घरंगळवायला. केरुंगिलनं खाचरं वाचवायचं विधेयक आणलं. ते अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसावर ढकललं गेलं. त्या दिवशी मंजूर झालं नाही, तर पुढच्या आठवड्यात करारावर सही.

आणि त्या दिवशी सहा सिनेटर परदेशात गेले, समुद्र वाढतोय या विषयावर एका वाळवंटातल्या शहरात चर्चा करायला. उरलेल्या सहांनी मासेमारीला जायचं ठरवलं. म्हणजे सभागृहात केरुंगिल एकटी.

तिला हे सकाळी बाजारात कळलं. तिनं टोपलीत उकडलेल्या अळकुड्या, खोबऱ्याच्या दुधातली अळूची भाजी आणि विधेयकाची प्रत भरली, मला उठवलं आणि आम्ही धक्क्यावर. सिनेटर बेसेबेस आपल्या नव्या बोटीचं इंजिन सुरू करत होता. ती धक्क्यावरून सरळ बोटीत उतरली. मी टोपली धरून मागे.

"ताई, तुम्ही कुठे?" बेसेबेस म्हणाला.

"मासे मलाही आवडतात."

तिला उतरवणार कोण? बेसेबेसला सरदारकीचा मान तिच्या मावशीनं दिलेला. दिलेला मान काढूनही घेता येतो, आणि मावशीची तब्येत उत्तम होती.

सिनेटचे अध्यक्ष हारुओ टोपी सारखी करत कसंनुसं हसले. बोट सुटली, धक्का मागे पडला, आणि मग त्यांनी बोटांवर डोकी मोजली. चेहरा पडला. "बाई, तुम्ही आलात म्हणजे आपण सात झालो. हा तर कोरमच झाला."

"मला वाटलं तुम्हाला कळायला जेवणाची वेळ होईल," केरुंगिल म्हणाली.

"सभा मी सुरू केल्याशिवाय सभा नाही."

"करा मग."

"मी मासे धरायला आलोय."

बेसेबेस तेव्हा चाकापाशी उभा राहून हॉटेलचे फायदे सांगायला लागला. एवढा मोठा हात फिरवून त्यानं दाखवलं की विमानं कशी उतरतील, आणि ते विमान इंजिनाच्या किल्लीवर उतरलं. किल्ली उडून पाण्यात. किल्लीला नेहमी तरंगणारा बोळा असतो. बेसेबेसनं तो काढून हॉटेलवाल्यांनी भेट दिलेलं भरीव पितळी कासव लावलं होतं. स्वच्छ पाण्यात ते कासव खाली, खाली जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं. खऱ्या कासवापेक्षा बरंच वेगानं गेलं.

इंजिन बंद, त्यामुळे रेडिओ बंद. नांगराची दोरी तळाला पोचेना. आम्ही होतो त्या बेटांमागे फोनला कधीच रेंज नसते, फोनकंपनीच्या जाहिरातीत सोडून.

सुरुवातीला बरीच ओरडाआरडी झाली. कुणाचं कुणाला ऐकू जाईना. मग ती आपोआप विरली. तिथे ओरडणं शोभतच नव्हतं. हिरवी, बुडाशी झिजलेली बेटं दोन्ही बाजूंनी सरकत होती, की आम्ही सरकत होतो, सांगता येत नव्हतं. खाली आकाश, वर आकाश. एक ढग आमच्याबरोबर पाण्यातून चालला होता. पारदर्शक जेलीफिश बोटीखालून उघडमीट करत जात होते, जणू पाणीच श्वास घेतंय. बोटीला लाट लागत नव्हती. नुसती ती कुठेतरी नेली जात होती, झोपेत माणूस कूस बदलतो तशी.

मला वाटलं, आता केरुंगिल उभी राहील. आता तर कुणाला बाहेरही जाता येत नाही. आयुष्यभर तिला हवी होती ती सभा: भरलेली आणि दार नसलेली. सगळे जण खांदे आवळून वाटच पाहत होते. हारुओंनी तर टोपी कानांवर ओढली.

पण ती बोटीच्या पुढच्या टोकाला, नाकाडावर बसून पाण्याकडे बघत राहिली. गप्प. मी घाबरलो. तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही," ती म्हणाली. "इथे मोठ्यानं बोलवत नाही."

तिचं गप्प बसणं त्या सहांना सहन होईना. भाषणाची सवय होती, याची नव्हती. एक तर सरळ झोपला, हात बोटीबाहेर सोडून. दोघं जण नेहमी एकदमच हात वर करतात, त्यांनी एकदमच डोळे मिटले. आणि मग सगळ्यांत म्हातारे सिनेटर इमेतुकर, ज्यांनी लहानपणी जुनी सभाघरं पाहिली होती, त्यांनी हातानं खुणावून मला बोलावलं. मी रांगत गेलो. उभा राहिलो असतो तर बोट हलली असती, एवढंच कारण. पण त्यांनी माझ्या कानाला तोंड लावलं आणि माझ्या लक्षात आलं की मी निरोप्या झालोय.

"तिला सांग," ते पुटपुटले, "माझ्या आईचं खाचर तिथेच आहे. मला हॉटेल नको. पण बाकीच्यांना हवंय, म्हणून मलाही हवंय."

मी रांगत नाकाडावर गेलो. केरुंगिलनं ऐकलं आणि माझ्या कानात म्हणाली, "बाकीच्यांना विचार." लग्नाला इतकी वर्षं झाली, तिची कुजबुज मी पहिल्यांदाच ऐकली. ऐकायला बरी होती.

मी गेलो बेसेबेसकडे. तो कानात म्हणाला, "मी एकटाच अडकलोय रे, तेलेईदादा. मावशी माझ्याशी बोलत नाहीत. पण हारुओदादांचं ठरलंय ना." हारुओ म्हणाले, "माझं काय ठरायचंय? मी अध्यक्ष. सगळे म्हणतात तेच मी म्हणतो. सगळ्यांना हॉटेल हवंय." एकदम हात वर करणाऱ्या त्या दोघांपैकी एक म्हणाला, दुसऱ्याला विचार. दुसरा म्हणाला, पहिल्याला हवंय म्हणून. माझे गुडघे सोलवटले.

शेवटचा निरोप मी तिला दिला आणि तिच्याकडे बघितलं. ती फुगत चालली होती. ही चिन्हं मला माहीत आहेत. मान ताठ होते, नाकपुड्या रुंदावतात, आणि मग जे येतं ते दोन बेटं ओलांडून जातं. तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं: म्हणजे कुणालाच नको होतं, गाढवांनो. एवढं ती बोलली असती की संपलं होतं. सहाच्या सहा जणांनी परत कवचात मान घातली असती, एकमेकांसमोर कबूल कोण करणार?

"नको," मी म्हणालो.

तिनं टोपलीतली अख्खी अळकुडी तोंडात कोंबली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. चावत राहिली, गिळली, पाणी प्यायली. मग माझा कान धरून ओढला.

"सगळ्यांना सांग. हात वर करायचा नाही. कुणी कुणाकडे बघायचं नाही. डोळे मिटा. ज्याला खाचरं राहायला हवीत त्यानं पाय पाण्यात सोडायचे."

मी ते एकेका कानात ठेवून आलो. झोपलेल्याच्याही कानात सांगितलं, तो "हं" म्हणाला. हारुओंनी बसल्या जागी इंजिनाचा पाना पेटीवर हळूच टेकवला, सभा सुरू करायच्या हातोड्यासारखा. मग त्यांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. मी सदस्य नाही, मी उघडे ठेवले.

पाणी इतकं शांत होतं की पाय बुडाल्याचा आवाज वेगळा ऐकू येत होता. म्हाताऱ्या इमेतुकरांचे आधी. मग केरुंगिलचे. मग बेसेबेसनं बूट काढले. त्या दोघांनी, सवयीप्रमाणे, एकदम. शेवटी हारुओंनी पँटच्या कडा व्यवस्थित दुमडल्या, एक डोळा किलकिला करून दोन्ही बाजूंना पाहिलं आणि पाय सोडले.

आता एका बाजूला ऊन होतं, दुसऱ्या बाजूला सावली. सगळे सावलीकडे बसलेले. बोट हळूहळू कलायला लागली. मी पलीकडच्या काठाला लटकलो, पण मी एक आणि सिनेट एवढी. बोट आणखी कलली आणि तो झोपलेला सिनेटर, "हं" म्हणतच, अलगद घरंगळला आणि गेला पाण्यात.

वर आल्यावर तो म्हणाला, "काय ठरलं?"

"तुमचं मत सगळ्यांत जास्त पडलं," केरुंगिल म्हणाली. हळूच.

त्याला वर ओढल्यावर टोपलीतली प्रत काढली. तिला खोबऱ्याचं दूध लागलं होतं. सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या. सगळे एकमेकांकडे असे बघत होते, जसं काही दुसऱ्यानंच आपल्याला यात ओढलंय, आणि फार खुशीत होते. टोपली रिकामी केली. भाजीला मीठ कमी होतं, कुणी बोललं नाही.

दुपार उतरली तशी भरती लागली. पाण्यानं आम्हाला आपल्या मनानं तिवरांच्या खाडीत घेतलं. दोन्ही बाजूंना मुळांच्या कमानी, मधे आम्ही, आणि वर पानांतून हिरवा उजेड. खाडी अरुंद होत गेली आणि बोट मऊसा धक्का देऊन चिखलात रुतली.

समोर खाचरं. बायका काम टाकून, हातात अळकुड्या धरून उभ्या. सिनेटची बोट आपल्या अळवात आलेली त्यांनी आधी कधी पाहिली नव्हती. केरुंगिलची मावशी पुढे आली. "इथे कशाला आलात? जमीन मोजायला?"

हारुओंना गर्दी दिसली की राहवत नाही. त्यांनी बोटीवरून उडी मारली, मांडीपर्यंत चिखलात गेले, तसेच रेटत पुढे चालले, आणि बायकांच्या मधोमध उभे राहून, टोपी काढून म्हणाले, "भगिनींनो, मी आज ही खाचरं वाचवली."

बायकांनी केरुंगिलकडे पाहिलं. बेसेबेसनं, इमेतुकरांनी, ओल्या सिनेटरनं, सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं झगा खोचून चिखलात उडी घेतली, हारुओंच्या दिशेनं चालत गेली, आणि मी मनातल्या मनात दोन बेटांपलीकडच्या लोकांची माफी मागितली.

ती त्यांच्या अगदी जवळ थांबली. कानाशी वाकली.

"हारुओदादा," ती म्हणाली, "जरा पाय उचला. मावशीच्या रोपांवर उभे आहात."