भामाच्या नावावर

"या नावावर पंधरा दिवसांत दोनदा गोळ्या गेल्यात. तिसऱ्यांदा कशा देऊ?" आशालताबाईंनी रजिस्टर फिरवून काउंटरवर ठेवलं.

तुळशीराम घरतला वाचता येत नव्हतं, तरी तो वाकून त्या ओळींकडे बघत राहिला. "मी तर आजच आलोय, ताई. डॉक्टर हेच, पण आदी उरणला मिठागरावर होतो, गोळ्या तिथनंच घ्यायचो. भामा माझी बायको. तिच्या फिटच्या गोळ्या कालपासून नाय."

पनवेलच्या बाजारातल्या या दुकानात आशालताबाई अकरा वर्षं फार्मासिस्ट होत्या. या गोळ्या नशेसाठी विकल्या जातात, हे त्यांना माहीत होतं. आधीच्या दोन्ही वेळा सफारी सूट घातलेला एक माणूस तुळशीरामच्या चिठ्ठीवरच्याच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला होता. नाव तेच, सही तशीच. दोघांतला खोटा कोण?

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"माझ्या पॅडची पानं मोजत बसू का मी?" डॉक्टर वैतागले. "आता पेशंट बघतोय. संध्याकाळी करा."

मालक म्हणाले, "बाई, लफडं नको. सरळ नाही म्हणा."

बाईंनी नाही म्हटलं. तुळशीरामनं वाद घातला नाही. चिठ्ठीची घडी करून तो निघून गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी फोन उचललाच गेला नाही. पोलीस चौकीत हवालदारानं विचारलं, "चोरीला काय गेलं? कागद? आणि नाव? नाव कसं चोरीला जाईल, बाई?"

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सफारीवाला पुन्हा आला. भामाचंच नाव, दुप्पट गोळ्या.

"कशा आहेत आता भामाबाई?" चिठ्ठी हातात घेत बाईंनी विचारलं.

"ठीक आहे. बीपी जरा कमी झालंय."

"या गोळ्या बीपीच्या नाहीत."

तो हसला, घड्याळ बघितलं आणि चिठ्ठी तिथंच टाकून गर्दीत शिरला. बाई ओरडल्या, रस्त्यावरच्या कुणीतरी मान वळवली, इतकंच. दवाखान्यात जाऊन बाईंनी ती चिठ्ठी समोर आपटली तेव्हा डॉक्टरांनी कपाट उघडलं. एक पॅड नव्हतं. त्याच कपाटातल्या केसपेपरांच्या चळतीत सगळ्यात वर भामाचा कागद होता.

"अहो, मग भामाच्या नवऱ्याला गोळ्या द्यायच्या होत्या ना!" डॉक्टर म्हणाले.

बाईंना त्यांच्या तोंडावर ते पेपर फेकावेसे वाटले. दुकानातून फिटच्या गोळ्या घेऊन त्यांनी भामाच्या कागदावरच्या पत्त्यासाठी करंजाड्याची रिक्षा पकडली.

भामा ओटीवर बसली होती. उजवा हात मनगटापर्यंत फडक्यात गुंडाळलेला, त्यावर हळद उमटलेली. आदल्या संध्याकाळी भाकऱ्या करताना तिला फिट आली होती. हात चुलीत गेला होता.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. त्यांनी गोळ्यांची पुडी पुढे केली.

तुळशीरामनं ती घेतली नाही. तो आत गेला आणि रेशनकार्ड घेऊन आला.

"आदी हे बघा," तो म्हणाला.

"अहो, नको. मला आता माहीत आहे."

"नाय, बघाच."

बाईंनी कार्ड उघडलं. भामा सरकत जवळ आली आणि डाव्या हाताचं बोट दुसऱ्या ओळीवर ठेवून म्हणाली, "हे माझं नाव. वाचा."

बाईंनी मोठ्यानं वाचलं.