बियाण्याचा लसूण

"ही नको," रखमा स्वतःशीच म्हणाली. हातातली लसणाची गड्डी डावीकडच्या ढिगात टाकून तिने दुसरी उचलली, अंगठ्याने दाबून पाहिली. गच्च होती, सालही कुठे सुटलेली नव्हती. ती उजवीकडे गेली.

सून कीर्ती कामावर निघाली होती. चपला घालता घालता ती थांबली.

"आई, हे लावणार कुठं तुम्ही?"

"बगू."

"काल पत्रे लागले ना शेताला."

"लागले. बगून आले मी."

कीर्तीने दुसरी चप्पल घातली आणि ती निघाली.

बदलापूर गावातलं नदीकडचं ते शेत रखमाच्या सासऱ्यांचं. दिरांनी आणि राजूने, तिच्या मुलाने, ते बिल्डरला द्यायचं ठरवलं. कागद वाचून दाखवले तेव्हा सगळ्यांच्या मागून तिनेही सही केली. "काम सुरू होईपर्यंत लाव तुला काय लावायचं ते," असं राजू म्हणाला होता, आणि तिने तेवढंच धरून ठेवलं होतं. पण भात कापून होतो न होतो तोच शेताभोवती पत्रे ठोकून काम सुरू झालं.

लसणाचं हे बियाणं सासूकडून आलेलं. जड, गच्च गड्ड्या बियाण्याला ठेवायच्या, त्यातल्याही बाहेरच्या जाड पाकळ्याच तेवढ्या मातीत टोकायच्या, हे सासूने तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. घरातल्या आमटीला जायचा तो बारीक लसूण, ज्याची सालं काढताना नखं दुखायची. राजू लहान असताना त्याने एकदा चुलीवर टांगलेल्या जुडीतली मोठी गड्डी भाजून खाल्ली, तेव्हा रखमाने त्याला मारलं होतं. शंकर, तिचा नवरा, मध्ये पडला. "लसणासाठी पोराला मारतंस?" ती म्हणाली होती, "लसणासाठी नाय. पुढच्या सालासाठी."

शंकर गेला त्या वर्षीसुद्धा तेरावं उरकून ती वाफ्यात जाऊन बसली होती. बायका काय म्हणतील, याचा विचार तिने केला नव्हता.

संध्याकाळी राजू आला. ओटीवरचे दोन ढीग पाहून तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आई, उल्हासनगरला कॅम्पातल्या बाजारात पाहिजे तेवढा लसूण मिळतो. एवढं टेन्शन कशाला घेतेस?"

"तो खायचा."

"मग आपण पण खायचाच ना?"

"एक साल मातीत नाय गेला तं पाकळी आतून पोकळ होते, बाबा. संपतं ते बियाणं."

"संपू दे ना मग," तो म्हणाला. रागाने नाही, दमून म्हणाला, म्हणून तिला ते जास्त लागलं.

चिखलोलीला तिची नणंद कुंदा राहायची. घरामागे तिची एक पट्टी अजून मोकळी होती. रखमा निवडलेला लसूण घेऊन तिच्याकडे गेली.

"वैनी, जागा हाय," कुंदा म्हणाली, "पण पाण्याचा भरवसा नाय. वरच्या बिल्डिंगांचं सगळं सांडपाणी इकडंच येतं."

"कडेनं चर काढू."

दोघींनी चर काढला. वाफा केला, पाकळ्या टोक वर करून टोकल्या. थंडी पडली तसा लसूण उगवून आला, हिरवागार. आठवड्यातून एकदा रखमा तिकडे जायची, खुरपायची, कुंदाच्या हातचा चहा प्यायची. एकदा कुंदा म्हणाली, "तुझा पायगुण गं." रखमा हसली. त्या हिवाळ्यात हसली ती तेवढीच.

मग पातींची टोकं पिवळी पडली. चर तुडुंब भरून काळं पाणी वाफ्यात शिरलं होतं. कुंदाचा नवरा मधू वरच्या सोसायटीत सांगायला गेला. तिथे त्याला गेटवरच बसवून ठेवलं, आणि पाईप नगरपालिकेचा आहे असं सांगून परत पाठवलं. तो येऊन अंगणात बसला. "आपलं कोण ऐकतंय," एवढंच बोलला.

काढणीच्या दिवशी रखमाने पहिली पात ओढली. पात हातात आली, गड्डी मातीतच राहिली. खुरप्याने उकरली तर मुळाशी पांढरी बुरशी होती. तिने सगळा वाफा उकरला आणि प्रत्येक गड्डी हातात घेऊन पाहिली. उजवीकडे एकही जाईना.

"दोन-चार तरी ठेव, वैनी. बियाण्याला." कुंदाने त्यातल्या त्यात बरी एक गड्डी पुढे केली.

रखमाने ती दाबली. अंगठा आत गेला.

"नाय, कुंदा. ही जिथं लावू तिथली माती नासवंल."

तिने सगळा लसूण गोणपाटाच्या पिशवीत भरला, वाफ्यातली सालं आणि मुळंसुद्धा वेचून घेतली.

"टाक ना तिथंच कडेला," कुंदा म्हणाली. "माझं रान तरी कुठं ऱ्हातंय? नव्या स्टेशनच्या रस्त्यासाठी मोजून गेलेत."

"ऱ्हाईल तवर तं नीट ऱ्हाऊ दे."

कुंदाने डोळ्यांना पदर लावला. रखमा रडली नाही. हात धुऊन ती निघाली.

शेअर रिक्षात तिने पिशवी मांडीवर घेतली. थोड्याच वेळात कुजका वास रिक्षाभर पसरला. शेजारच्या मुलीने ओढणी नाकाला लावली, पण रखमाशी नजर भिडताच ओशाळून खाली घेतली.

"भाऊ, थांबवा. मी हितंच उतरते."

"मावशी, गाव लांब आहे अजून."

"म्हाईत हाय."

पिशवी डोक्यावर घेऊन ती रस्त्याच्या कडेने चालू लागली. दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती होत्या. हे सगळं जाळायला कुठे उघडी जमीन दिसते का, ते पाहत ती चालत राहिली.