चिठ्ठीवरची सही

रॅकेटला जाळी ओढण्याला आम्ही गटिंग म्हणतो. क्लबच्या मागच्या अंगाला, कपडे बदलायच्या खोल्यांना लागून, बाबांचं गटिंगचं दुकान आहे. काम झालं की रॅकेटच्या मानेवर चिठ्ठी चिकटवायची. तारेला किती ताण दिला, तारीख, आणि खाली तार ओढणाऱ्याची सही. सहीशिवाय खेळाडू रॅकेटला हात लावत नाहीत.

सात वर्षांपूर्वी बाबांची बोटं सुजून वाकडी झाली. तेव्हापासून आत यंत्रावर मी बसते आणि सही बाबांची करते. ते पुढे खुर्चीत बसून रॅकेटी घेतात, देतात आणि 'मास्तरांच्या हाताला तोड नाही' हे कौतुकही घेतात. पोरीच्या हातची रॅकेट कोणी नेणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मीही कधी कोणाला 'नेऊन तर बघा' असं सांगितलं नाही.

यंत्राच्या वर मात्र मी बाईंचा फोटो लावला आहे. बाई आमच्या क्लबच्या चार वेळच्या चॅम्पियन. त्यांच्या काळी बायकांची फायनल भर दुपारी मागच्या कोर्टवर उरकून टाकायचे, बघायला फक्त खेळणाऱ्या मुलींच्या आया. एका वर्षी बाई अकरा जणींना घेऊन मुख्य कोर्टवर जाऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत. पुढच्या वर्षी फायनल तिथंच झाली. ही गोष्ट मी वहिनीला इतक्यांदा ऐकवली आहे की ती हल्ली एवढंच म्हणते, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं अर्धं ती बोलत नाही, पण मला झोंबतं.

परवा बाई आठ-दहा वर्षांनी स्वतः दुकानात आल्या. वय अठ्ठावन्न, गुडघ्याला पट्टा. निरोपाच्या सामन्यासाठी रॅकेट गटिंगला पाठवली होती, ती न्यायला. त्यांनी जाळीवर बोट फिरवलं, शेवटची गाठ निरखली, चिठ्ठी वाचली.

"मास्तर, पंधरा वर्षं तुम्ही माझ्या रॅकेटी केल्यात. तुमची गाठ उजवीकडे वळायची. ही डावखुऱ्याची आहे."

बाबा छताकडे बघायला लागले. मी बाहेर आले. बाईंनी माझ्या डाव्या हाताचे घट्टे पाहिले.

"तू केलीस?"

"हो. सात वर्षं मीच करते."

आता शाबासकी मिळणार म्हणून मी जिवाचे कान करून उभी होते. बाईंनी रॅकेट टेबलावर परत ठेवली.

"मग ही चिठ्ठी खोटी आहे. मी नाही नेत."

"गिऱ्हाईक तुटेल हो, बाई," बाबा म्हणाले. "पोरीच्या हातावर कोण भरवसा ठेवतं?"

"तुम्ही ठेवलातच की, सात वर्षं."

 मी नवी चिठ्ठी घेतली, ताण लिहिला, तारीख लिहिली, सही करून पुढे केली. बाईंनी ती वाचली आणि बाबांच्या हातात दिली.

सवयीनं मी पुन्हा बाबांचीच सही केली होती. शेवटच्या अक्षराचं लांब शेपूटसुद्धा हुबेहूब. मला स्वतःचा इतका राग आला की डोळे भरून आले.

बाबांनी चिठ्ठी फाडली. त्या बोटांना तेवढ्यालाही वेळ लागला. मग एक कोरी चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"सावकाश कर," ते म्हणाले. "माझीही पहिली बिघडली होती."